तिसऱ्या पाण्याचा चहा

दिंडोशीत राहून बिनदुधाचा चहा पिणं ही शुद्ध फितुरी आहे, असं आमच्या इमारतीचं मत आहे. इमारतीत एकमतानं मंजूर झालेला हा पहिलाच ठराव. गच्चीच्या गळतीवर अजून तीन गट आहेत, पार्किंगमध्ये तर माणशी एक गट आहे, पण दुधावर सगळे एक. त्यांना तरी काय बोलायचं? आमच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला चित्रनगरी आणि चित्रनगरीला खेटून आरे. बिबट्या, हिरो आणि म्हैस हे तिघंही आमचे शेजारी. बिबट्या अधूनमधून येऊन जातो, हिरो काळ्या काचांच्या गाडीतून निघून जातो, म्हैस मात्र तीन पिढ्या आमच्या चहात आहे.

मुंबईतले म्हशींचे गोठे भर वस्तीतून हलवायचे म्हणून 1949 साली आरे दुग्धवसाहत सुरू झाली. दारा खुरोडी हे तिचे कर्ते. पुढे 1963 साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 32 तबेले आणि 16 हजारांच्या घरात जनावरं असा तो बारदाना. आमची आई त्या बाटलीबंद दुधावर वाढली. लालबागच्या चाळीत पहाटे उठून, दुधाचं कार्ड घेऊन केंद्रावर रांग लावणं हे तिचं काम होतं आणि बाटलीच्या झाकणाला आतून चिकटलेली साय चाटणं हा त्या कामाचा पगार. अशा बाईचा मुलगा उतारवयाकडे झुकल्यावर पिवळसर गरम पाणी पिऊ लागला. "तुला काही कमी पडलं का रे लहानपणी?" असं ती विचारते तेव्हा रोख दुधाकडे असतो की आणखी कशाकडे, हे विचारायची माझी छाती होत नाही.

सगळा उद्योग भाच्यानं लावला. तो तैवानात, शिन्चूला, चिपच्या कारखान्यात आहे. दिवाळीला येताना त्यानं विटेसारखं टणक, हवा काढलेलं एक पाकीट आणलं. वर चिनी मजकूर आणि त्यात एकच वाचता येण्याजोगा शब्द, 'मिल्क'. आईनं चष्मा लावला, तेवढा शब्द वाचला आणि निर्वाळा दिला, "दूध आधीच घातलंय. प्रवासाला बरं." पाकीट फोडलं तर आत गडद हिरव्या, घट्ट वळलेल्या गोळ्या, काहींना देठाचं शेपूट.

"हे कुठल्या वैद्याकडून आणलंस?" बायकोनं भाच्याला विचारलं.

तो मिल्क उलाँग चहा होता, आणि त्यात दुधाचा थेंब नसतो. ही चहाच्या झाडाची एक जात आहे, नाव जिन श्वान. तैवानच्या सरकारी चहा संशोधन केंद्रात वू चेन-तुओ यांनी संकर करून ती काढली आणि 1981 साली 'तैवान चहा क्रमांक 12' म्हणून ती बाहेर आली. जिन श्वान हे त्यांच्या आजीचं नाव, असं सांगतात. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा थोडी नरमली. नातू एवढा मोठा शास्त्रज्ञ झाला तरी चहाला आजीचं नाव देतो, आणि इथं लोक फ्लॅटच्या पाटीवर आजीचं नाव टाकायला जागा नाही म्हणतात. पाटी आमचीच होती. मी विषय चिप्सकडे वळवला. शिन्चूचं विज्ञान संकुल 1980 च्या अखेरीस सुरू झालं आणि लगेच पुढच्या वर्षी हा चहा आला. एवढंसं बेट, पाठोपाठच्या दोन वर्षांत चिपचंही बघतं आणि चहाचंही. आमचं अजून गच्चीचं चाललंय.

साईचा तो वास पानातच असतो. बाहेरून काही घालायचं नसतं, आणि दुधाच्या वाफेवर पानं धरतात वगैरे ज्या कथा दुकानदार सांगतात त्या सोडून द्याव्यात. मात्र बाजारात वास मारलेला मालही भरपूर आहे. भाच्याचं पाकीट संपल्यावर मी इथंच एक मागवलं होतं. फोडताक्षणी लोण्याच्या बिस्किटांचा असा भपकारा आला की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, "केक केलात का?" पहिल्या कपात वास, चव तेलकट. दुसऱ्या कपात वास गायब, आणि तिसऱ्यात नळाचं पाणी. ओळख इतकीच. खऱ्या जिन श्वानला पाकिटाशी फारसा वास नसतो, तो गरम पाणी पडल्यावर येतो आणि चार-पाच वेळा पाणी बदललं तरी टिकतो. हल्ली थायलंडच्या डोंगरातही हे झाड लावतात. मे सालाँगला चीनमधून हटलेल्या क्वोमिन्तांग सैनिकांची वस्ती आहे, तिथली माणसं अफू सोडून चहाकडे वळली. भाच्यानं एकदा तिकडचाही आणला. चांगला होता. आजीचं नाव राखलं होतं.

तर, कृती.

उलाँग हा हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. तोडलेली पानं उन्हात कोमेजवतात, मग घोळवतात. घोळवताना कडा चेपतात आणि तिथून पान लाल पडायला लागतं. हवं तेवढं झालं की कढईत तापवून ते थांबवायचं, मग कापडात बांधून मळत-वळत राहायचं. त्या या गोळ्या. म्हणजे पान अख्खंच्या अख्खं आत असतं, फक्त गुंडाळून ठेवलेलं. आपल्या चहाचं उलट. 1930 च्या सुमाराला आसामात आमगुरीच्या मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी एक यंत्र काढलं. दातेरी रुळांतून पान चिरडायचं, फाडायचं आणि वळायचं. त्यातून जी दाणेदार पावडर निघते तीच आज आपल्या डब्यात आहे. तिचं सगळं काम एका उकळीत. रंग, कडकपणा, तुरटपणा, जे असेल ते तिथल्या तिथं देऊन मोकळी, आणि मागं उरतो तो चोथा, गुलाबाच्या कुंडीसाठी. म्हणूनच आपल्याकडे चहा 'टाकतात' आणि पेपर वाचायला जातात. उलाँग टाकून पेपर वाचायला गेलात तर परत येईपर्यंत काढा झालेला असतो.

100 मिली पाण्याला 5 ग्रॅम पानं, पाणी 90 ते 95 अंशांचं, असं भाच्यानं लिहून दिलं. आमच्याकडे एकच थर्मामीटर, तो तापाचा, 42 च्या वर त्याची झेप नाही. मग मी ग्रंथांचा आधार घेतला. चीनमध्ये आठव्या शतकात लू यू नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, त्यांनी चहावर पहिलं पुस्तक लिहिलं. त्यात पाण्याच्या तीन उकळ्या सांगितल्यात. पहिलीत माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे, दुसरीत भांड्याच्या कडेनं मोत्यांच्या माळा, तिसरीत लाटा. लाटा आल्या की पाणी म्हातारं झालं, ते पिऊ नये. मी हे स्वयंपाकघरात मोठ्यांदा वाचून दाखवत होतो. शेजारच्या मालवणी काकू विरजण मागायला आल्या होत्या.

"खयच्या माशाचो डोळो?" त्यांनी विचारलं.

लू यूंनी ते लिहिलेलं नाही.

"सुरमयचो डोळो केवढो, मांदेलीचो केवढो! असां कसां लिवता तो?"

खरंच आहे. बाराशे वर्षं हा ग्रंथ लोक डोक्यावर घेऊन नाचतायत आणि ही शंका एकालाही आली नसेल, कारण त्यांतला एकही मालवणचा नव्हता. आम्ही मांदेली धरून चालायचं ठरवलं. याच लू यूंनी चहात कांद्याची पात, आलं, बोरं, संत्र्याची साल आणि पुदिना घालून उकळणाऱ्यांना झोडपून काढलंय, असलं पाणी गटारातच शोभतं अशा भाषेत. याचा अर्थ तांग राजवटीतही घरोघरी आल्याचा चहा उकळत होता आणि बाहेर एक विद्वान नाक मुरडत उभा होता. स्वतः मात्र चहात मीठ घालायचे.

"मीठ?" आई म्हणाली. "आणि हा आल्याला नावं ठेवतो?" तेव्हापासून आमच्या घरी लू यूंचा अधिकार संपला. आता मी लाटा येऊ देतो, गॅस बंद करतो आणि दाराची बेल वाजेपर्यंत थांबतो. आमच्याकडे दोन मिनिटांत बेल वाजतेच.

भांडं म्हणजे गायवान, झाकणाचा बिनकानाचा चिनी वाडगा. अंगठा आणि मधलं बोट काठावर, तर्जनी झाकणावर, झाकण किंचित तिरकं, आणि त्या फटीतून चहा गाळायचा. तैवानच्या चित्रफितींत नाजूक बोटांच्या मुली हे हसत हसत करतात. इथं तिन्ही बोटं भाजतात. बायकोनं सांडशी पुढे केली. चिनी मातीला सांडशी लावणं हा एक छोटा आंतरराष्ट्रीय प्रसंग आहे, पण मी लावली. टिकलं.

खरा पेच पहिल्या पाण्याचा. गोळ्यांवर गरम पाणी ओतून पाचेक सेकंदांत ते फेकायचं असतं. पानं त्यानं मोकळी व्हायला लागतात. मी ते बेसिनमध्ये ओतलं तेव्हा तळमजल्यावरचे आजोबा देखभाल खर्चाच्या पावतीसाठी दारात उभे होते. आता आमची वसाहत मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून उभी राहिलेली. मृणालताईंना अख्खा महाराष्ट्र 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखायचा. आजोबा त्यांच्या मोर्च्यांतले, हंडे वाजवत गेलेले.

"काय केलंस?"

"पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं, आजोबा."

"कुणी सांगितलं?"

"चीनमध्ये तशी पद्धत आहे."

"चीनमध्ये असेल. इथं पाणी टाकत नाहीत."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून ते पाणी तांब्यात साठवून मोगऱ्याला जातं. मोगऱ्याला दुधाचा वास येईल अशी बायकोला भीती होती, अजून आलेला नाही.

यानंतर मात्र जे होतं ते बघत बसावं. दुसऱ्यांदा पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि पाऊण मिनिटानं गाळायचं. कपात उतरतो तो फिकट सोनेरी, जरासा हिरवट रंग. आपल्या डोळ्यांना हा रंग चहाचा वाटतच नाही. वाडग्यात गोळ्या अजून अर्ध्याच सुटलेल्या असतात, एखाद्या पानाचं टोक बाहेर आलेलं, बाकीचं अजून वळकटीत. तिसऱ्या पाण्याला ती पूर्ण उघडतात. एक देठ, त्याला दोन-तीन पानं, जाडसर, कडेला तांबूस रेघ. एवढ्याशा गोळ्यांतून वाडगा काठोकाठ पानांनी भरतो आणि झाकण वर उचललं जातं. प्यायच्या आधी त्या झाकणाची आतली बाजू नाकाशी धरायची. वास खरा तिथं साठतो. तापवून निवलेल्या दुधाचा, वर मागं कुठंतरी फूल. चव गुळगुळीत, जिभेवर दाट, आणि गिळल्यावर घशात बारीक गोडवा वर येतो. साखर घालायचं मनातही येत नाही. निदान माझ्या तरी.

एकदा झाकण मी आईकडे दिलं. तिनं वास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"साय आहे की रे यात," शेवटी म्हणाली. मग झाकण उलटं करून आत नीट बघितलं, बोट फिरवलं. बोट कोरडंच. "वास देतात आणि माल देत नाहीत," असं म्हणून झाकण परत केलं.

पण दुधावरून होणारा वाद वरवरचा आहे. आमच्या लोकांचा खरा आक्षेप चोथ्याला आहे. आपल्याकडे एकदा वापरलेल्या पावडरीवर पुन्हा पाणी ओतणं यासारखी नाचक्की नाही. 'त्यांच्याकडे चोथ्यावर चहा करतात' एवढं एक वाक्य कानावर आलं तर ठरत आलेलं लग्न मोडतं. नवीन पावडर किती घातली यावर पाहुण्याची किंमत कळते, आणि सासरच्या माणसाला एक चमचा जास्त. उलाँगमध्ये नेमकं तेच करायचं असतं. मोगऱ्याचं पाणी न मोजता एकाच पानावर पाच-सहा वेळा पाणी, दर वेळी थोडं जास्त थांबायचं, आणि त्यातलं तिसरं पाणी सगळ्यांत सरस. पहिल्यात पान अजून बंद असतं, पाचव्याला चव उतरणीला लागलेली असते. तिसऱ्याला वास, गोडवा आणि दाटपणा तिन्ही एका वेळी भेटतात. माझ्या मते तर पहिलं पाणी घरच्यांनी घ्यावं आणि पाहुण्याला तिसरं द्यावं. हा मान आहे. मान आहे हे पाहुण्याला पटवायला जरा वेळ लागतो इतकंच.

सासरे आले होते. मी मोठ्या आदरानं त्यांना तिसरं पाणी दिलं. त्यांनी आधीची दोन पाणी मी प्यालेली बघितली होती. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं, बघण्याचा अर्थ असा की तुझं बरं चाललंय ना गं? कप उचलला, ओठाशी नेल्यासारखं केलं आणि खाली ठेवला.

"दूध नासलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

कप नुसता उचलून ठेवायला आपल्याकडे थोर परंपरा आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली बडी मंडळी जमली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी सभ्यपणे कप हातात धरून खाली ठेवला. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव' पत्रात छापवली, आणि मग जो गहजब झाला त्याला तोड नाही. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली, टिळकांना आणि रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. म्हणजे कप उचलून ठेवल्यानं कुणी सुटतो असं नाही. सासऱ्यांना मी हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, आणि उठताना मुलीला म्हणाले, "बाहेर कोपऱ्यावर एक टपरी दिसली. मी जरा पाय मोकळे करून येतो."

बायकोनं मात्र वेगळ्या वाटेनं हा चहा स्वीकारला. भाच्याकडून तिनं पाकिटाची किंमत काढून घेतली. आधी हबकली. मग एका चिमटीतून सहा कप निघतात हे लक्षात आल्यावर कागद-पेन घेऊन बसली आणि दर कपाचा हिशेब टपरीच्या कटिंगच्या आसपास आणून ठेवला. पण तो हिशेब सहावं पाणी पकडून होता. त्यामुळे आता मला सहावं पाणीही प्यावं लागतं. टाकून द्यायला निघालो की ती म्हणते, "कटिंगपेक्षा महाग पडेल." सहाव्या पाण्याला कशाचीही चव नसते. पण हिशेब चोख लागतो.

शेजारच्या काकूंना मात्र काहीही समजावून सांगावं लागलं नाही. त्या पाटावर बसल्या, तिन्ही पाणी ओळीनं चाखली आणि म्हणाल्या, "नारळाचो कसो पयलो रस, दुसरो रस, तिसरो रस. तसांच मां ह्यां?" अगदी तसंच. एकच खवलेला नारळ, तीनदा पाणी घालून तीनदा पिळायचा, प्रत्येक रस वेगळा आणि कुणीही त्याला चोथ्यावरचं म्हणत नाही. दूधही म्हणायचं आणि म्हैस कुठंच नाही. इतके दिवस मी तैवान आणि तांग राजवट सांगत बसलो होतो, वेंगुर्ल्यापाशी थांबायला हवं होतं. एका मुद्द्यावर मात्र आमचं जमेना. नारळात पहिला रस सगळ्यांत घट्ट, तो कालवणात शेवटी घालायचा, पातळ रसात आधी शिजवून घ्यायचं. चहात तिसरं सरस कसं, हे त्यांना पटलं नाही. "तुझो हात हलको," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा नीट पिळूक होयां." वाडग्यात हात घालून पानं पिळायला त्या सरसावल्या, तेव्हा मी झाकण ठेवलं.

त्याच बैठकीत त्यांचं लक्ष उरलेल्या पानांकडे गेलं. सहा पाण्यांनंतर वाडग्यातलं सगळं मी ताटलीत उलटं केलं होतं, मोगऱ्याच्या कुंडीत टाकण्यासाठी. अख्खी, हिरवी, तजेलदार पानं. काकूंनी एक उचललं, उजेडात धरलं, देठ मोडून बघितला, तो कट्‌कन मोडला.

"झिला, ही पानां टाकतंस?"

"चहाची आहेत, काकू."

"चाय काढून झाली मां? मगे आता पानांच ती."

यात खोट काढायला जागा नव्हती. तैपेईजवळ माओकाँगच्या डोंगरावर चहाची पानं तळून देणाऱ्या खानावळी आहेत, हे भाच्यानं सांगितलेलं मला आठवलं, आणि ते मी बोलून गेलो. एवढं पुरलं. काकूंनी घरून बेसन आणलं, तांदळाचं पीठ आणलं, ओवा, तिखट, थोडं खोबरं, कारण "दूध नको म्हणतंस तर खोबरां घालूया." पानं पिळून, पुसून, दोन-दोन जोडून पिठात बुडवली. कुरकुरीत झाली. किंचित कडसर, आणि त्या कडसरपणामुळेच हात थांबेना. वासावर तळमजल्याचे आजोबा आले. पाणी वाया गेलेलं नाही, पानंही गेलेली नाहीत, यावर त्यांनी समाधान व्यक्त केलं आणि चार भजी जास्त घेतली. भजी म्हटल्यावर चहा हवाच, म्हणून आईनं मोठं पातेलं चढवलं, आलं ठेचलं, दुधाची पिशवी फोडली. इमारतीतली जी माणसं माझा तिसऱ्या पाण्याचा कप उचलून ठेवत होती, ती सगळी त्या दिवशी एकाच पानाची सातवी कामगिरी हातात घेऊन बशीत चहा ओतत होती. गच्चीच्या गळतीवरही थोडं बोलणं झालं म्हणतात.

काकूंनी आता भाच्याचा नंबर घेतलाय आणि त्याला परस्पर निरोप गेलाय. पुढच्या खेपेला पाव किलो जास्त आण, पानं मोठी बघून घे, वास नसला तरी चालेल.